उताराने घडविलेली सायकल

वाहनांचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या दप्तरांतून लिहिला जातो. कोणत्या साली कोणते यंत्र निघाले, त्याची सनद कोणाच्या नावे झाली आणि बाजारात त्याला काय भाव आला, एवढा तपशील हाती लागला की इतिहासकाराचे समाधान होते. परंतु डोंगरवाटांवर चालविण्याच्या सायकलीचा, म्हणजे जिला आज जगभर ‘माउंटन बाइक’ म्हणतात तिचा, आरंभ अशा कोणत्याही दप्तरात सापडत नाही. कारण तिचा जन्म कारखान्यात झाला नाही, उतारावर झाला. सुटलेल्या वेगात हँडलाने हाताला काय सांगितले, वळणावर मागचे चाक किती घसरले, ब्रेकने कोणत्या क्षणी दगा दिला, या अनुभवांची परंपरा हीच तिची खरी बखर होय. आणि आज एक सायकल उतारावर निश्चल वाटते, दुसरी वळणांवर चपळ वाटते, तिसरी चढावर हलकी पण उतारावर भित्री वाटते, हा जो स्वभावभेद स्वाराच्या तळहातांना जाणवतो, त्याची कारणे हवी असतील तर ती बखरच उलगडावी लागते.

खडबडीत मुलखातून सायकल नेण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय शिपायांची एक तुकडी १८९७ साली लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हुकमतीखाली मोंटानातील फोर्ट मिझुला येथून निघाली आणि सुमारे १,९०० मैलांची मजल सायकलींवर मारून सेंट लुईसला पोहोचली. पॅरिसच्या परिसरात १९५१ ते १९५६ या काळात काही तरुणांनी एक मंडळ स्थापून आपल्या सायकली रानवाटांसाठी बदलून घेतल्या होत्या. आणि कॅलिफोर्नियात जॉन फिन्ली स्कॉट या गृहस्थाने १९५३ साली जाड टायर, सरळ हँडल आणि गिअर एकाच सायकलीवर बसवून जवळजवळ पुढच्या पिढीची सायकल सिद्ध केली होती. हे सारे प्रयत्न आदरणीय खरे, तथापि प्रत्येक प्रयत्न आपल्या जागीच विराम पावला आणि त्यातून परंपरा निर्माण झाली नाही.

परंपरा निर्माण झाली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, मरिन परगण्यात. आणि तिचे साहित्य मात्र चाळीस वर्षे आधी शिकागोत तयार होऊन बसले होते. आर्थिक मंदीने अमेरिकेतील सायकलधंदा मोडकळीस आला असता, १९३३ साली श्विन कंपनीने सव्वीस इंची चाकाला दोन इंचांहून रुंद असा ‘बलून’ टायर चढवून मुलांसाठी एक दणकट सायकल बाजारात आणली. खांद्याएवढ्या वृत्तपत्रांच्या गठ्ठ्याखाली वाकू नये, फुटपाथच्या काठावर आपटली तरी तुटू नये आणि धांदरट हातांतही सरळ चालावी, एवढाच तिच्या कर्त्यांचा हेतू होता. म्हणून तिची फ्रेम जाड पोलादी नळ्यांची, दोन चाकांमधील अंतर प्रशस्त आणि पुढचे चाक धरणारा चिमटा चांगलाच मागे रेललेला ठेवला गेला. पन्नास पौंडांच्या घरात वजन जाणारी ही सायकल पुढे हलक्या, गिअरच्या सायकली आल्यावर मागे पडली आणि पडवीच्या कोपऱ्यात, भंगाराच्या ढिगात गंजत राहिली.

मरिनच्या मधोमध टॅमलपायस हा २,५७१ फूट उंचीचा पर्वत उभा आहे. त्याच्या सोंडांवरून आणि शेजारच्या डोंगरांवरून, वणवा लागल्यास पाण्याचे बंब वर नेता यावेत म्हणून, कच्चे रस्ते काढलेले आहेत. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी लार्कस्पर गावातील काही मुले जुन्या श्विन सायकली वर नेऊन या वणवारस्त्यांवरून खाली सोडू लागली. आणि थोड्याच अवधीत हा नाद फेअरफॅक्स, सॅन ॲन्सेल्मो या गावांतील तरुणांनाही लागला. यांतील जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी मुळात डांबरी रस्त्यांवरील शर्यतींत मुरलेली होती. हलक्या फ्रेमची आणि बारीक टायरची आपली मौल्यवान सायकल दगडधोंड्यांत नेली तर ती एका दिवसात निकामी होईल हे त्यांना ठाऊक होते; म्हणून किरकोळ किमतीत मिळणाऱ्या श्विन ‘एक्सेलसियर’ विकत घेऊन, त्यांचे मडगार्ड, कॅरियर, पेट्रोलच्या टाकीसारखी दिसणारी खोटी टाकी असा सारा साज उतरवून, उरलेला सांगाडा ते डोंगरावर नेत. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत. खडखडाट हा शब्द त्या नावातच आहे.

या खडखडाटाची पहिली खरी परीक्षा २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. फेअरफॅक्सच्या पश्चिमेस एक वणवारस्ता सुमारे दोन मैलांत सुमारे १,३०० फूट खाली उतरतो. त्यावरून सर्वांत लवकर कोण उतरतो, हा रोजचा वाद मिटविण्यासाठी स्वारांना ठरावीक अंतराने एकेकटे सोडून घड्याळ लावण्याची तजवीज चार्ली केली याने केली आणि पहिला मान ॲलन बाँड्स याला मिळाला. त्या सायकलींना ब्रेक एकच असे, आणि तोही मागच्या चाकाच्या तुंब्यात. पायडल उलटे दाबले म्हणजे तो लागत असे. एवढ्या उतारावर तो सतत दाबून धरावा लागल्यामुळे तुंबा तापून लाल होण्याच्या बेतास येई, आतील ग्रीस वितळून धुराच्या रूपाने उडून जाई, आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून, छर्रे पुसून, नवे ग्रीस भरल्यावाचून ती सायकल पुन्हा वर नेता येत नसे. या ‘पुन्हा भरण्या’वरून शर्यतीला आणि रस्त्याला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पुढे गॅरी फिशरने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत आणि जो ब्रीझने ४ मिनिटे २४ सेकंदांत पार केला. याचा हिशेब मांडला तर ताशी सत्तावीस मैलांच्या आसपास सरासरी वेग येतो, आणि तो मातीच्या, दगडांच्या, आंधळ्या वळणांच्या रस्त्यावर.

वृत्तपत्रे टाकणाऱ्या मुलांची जड सायकल अशा वेगात तग कशी धरू शकली, या प्रश्नाच्या उत्तरातच सायकलीच्या स्वभावाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. आपल्याकडील कारागीर ज्याला चिमटा म्हणतात तो भाग कधीच उभा नसतो, तो स्वाराकडे रेललेला असतो. चिमटा ज्या नळीत फिरतो तिची मध्यरेषा मनाने जमिनीपर्यंत वाढविली, तर ती टायर जेथे टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. म्हणजे चाक त्या रेषेच्या मागून ओढल्यासारखे चालते, आणि क्षणभर वाकडे झाले तरी आपण होऊन सरळ होऊ पाहते. चिमटा जितका अधिक रेललेला, तितके हे अंतर अधिक आणि चाकाची सरळ राहण्याची ओढ अधिक. चिमटा जितका उभा, तितके हे अंतर कमी आणि हँडल बोटाच्या इशाऱ्यावर वळणारे. जुन्या श्विनच्या चिमट्याचा कल जमिनीशी अडुसष्ट अंशांच्या आसपास होता. दोन चाकांमधील लांब अंतरामुळे स्वाराचे शरीर पुढच्या चाकावर लोटले जात नसे, आणि रुंद टायरात हवा बेताचीच भरलेली असल्याने लहान खडा चाकाला उडवून देण्याऐवजी रबरात रुतून जाई. अशा सायकलीला वळविण्यासाठी खांद्याचे बळ लागे, चढावर तिला ढकलत न्यावी लागे. परंतु एकदा उताराला लागली की ती आपली रेषा सोडत नसे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी योजलेला गुण असा साहसाच्या उपयोगी पडला.

मात्र सांगाडे जुने होते आणि वारंवार मोडत. तेव्हा केलीच्या आग्रहावरून जो ब्रीझने १९७७ साली क्रोममॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची एक नवी फ्रेम हातांनी तयार केली. या कामात त्याने जो विवेक दाखविला तो मला या इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो. रस्त्यावरील शर्यतीच्या फ्रेमी बांधण्याचे शिक्षण त्याने घेतले होते, आणि आपल्या विद्येच्या अभिमानाने त्याने तीच मापे डोंगरावर लादली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु उताराने ज्या मापांना कौल दिला होता ती श्विनची मापे त्याने आदराने कायम ठेवली आणि बदलले ते फक्त द्रव्य, जोड, ब्रेक व गिअर. नवी सायकल जुनीपेक्षा बरीच हलकी आणि कितीतरी ताठ झाली. तिच्या दोन्ही चाकांना रिमवर लागणारे ब्रेक आले आणि अनेक गिअर आले. गिअरची ही कल्पना मरिनकरांनी क्युपर्टिनो गावच्या काही स्वारांकडून उचलली होती. १ डिसेंबर १९७४ रोजी मिल व्हॅलीतील एका शर्यतीला ते स्वार आपल्या जाड टायरच्या सायकलींना गिअर बसवून आले होते. ‘ब्रीझर’ नावाच्या त्या पहिल्या मालिकेत एकूण दहा सायकली झाल्या, आणि त्यांतील पहिली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे.

उतारानंतर चढाचे शिक्षण सुरू झाले. कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट या खाणकामगारांच्या गावातील मंडळी १९७६ पासून आपल्या जुन्या सायकली घेऊन, १२,७०० फूट उंचीची पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेनला जात. १९७८ साली कॅलिफोर्नियातून ब्रीझ, केली, फिशर यांच्यासह पाच जण तेथे आले. त्यांत वेंडी क्रॅग ही महिलाही होती. या चळवळीच्या आरंभकाळाची छायाचित्रे आज उपलब्ध आहेत ती बहुतांशी तिच्यामुळे. खिंड चढून जाण्याची शक्ती सायकलीत आहे हे एकदा सिद्ध झाल्यावर तिचा व्यापार होणे अटळ होते. टॉम रिची या कुशल कारागिराने बांधलेल्या फ्रेमींवर साज चढवून विकण्याचा धंदा फिशर आणि केली यांनी १९७९ साली ‘माउंटनबाइक्स’ या नावाने सुरू केला; १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानात तयार करवून आणलेली ‘स्टंपजंपर’ दुकानांत ठेवली; आणि १९८२ साली शिमानो कंपनीने खास डोंगरवाटांसाठी ‘डिओर एक्सटी’ हे सुट्या भागांचे संच काढले. चार-दोन गावांचा छंद पाच वर्षांत जागतिक उद्योग झाला.

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे इंग्लंडात एक स्वतंत्र प्रयोग चालू होता, आणि तुलनेच्या दृष्टीने तो फार बोधप्रद आहे. बकिंगहॅमशायरमधील जेफ ॲप्स याच्यापुढे कॅलिफोर्नियाची कोरडी माती नव्हती. त्याच्यापुढे होता बारमाही चिखल, ओली मुळे आणि अरुंद पाणंदी. वेगापेक्षा तोल त्याला महत्त्वाचा वाटला. म्हणून त्याच्या ‘क्लीलंड’ सायकलीवर स्वार ताठ बसे, पायडलांचा आस मुळांना अडकू नये इतका उंच असे, ब्रेक चिखलापासून झाकलेले तुंब्यात असत आणि टायर फिनलंडच्या बर्फासाठी बनविलेले असत. मरिनची सायकल वेगात स्थिर, तर ही मंद गतीत स्थिर. एकीवरचा स्वार वाट कापीत जाई, दुसरीवरचा वाट चाचपीत जाई. दोघांनाही डोंगरसायकल हेच नाव, परंतु दोन भूमींनी दोन वाहने निर्माण केली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मात्र या विद्येत एक वळण आले. शर्यतींचे नियम ठरले, १९८३ साली अमेरिकेत राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि शर्यत म्हणजे आता निव्वळ उतार राहिला नाही. चढ, सपाटी, झाडांमधील एकेरी पायवाट अशा फेऱ्यांची ती मालिका झाली. ज्याला फेरीतील बराचसा वेळ चढावर घालवावयाचा त्याला रेललेला चिमटा डोईजड वाटू लागला, कारण खड्या चढावर पुढचे चाक भरकटते आणि हँडल डगमगते. मग रस्त्यावरील सायकलींची मापे डोंगरावर आली. चिमट्याचा कल एकाहत्तर अंशांवर गेला, मागचा भाग आखूड झाला आणि हँडल धरून ठेवणारा तुकडा पाच-सहा इंच पुढे काढून स्वाराला पुढच्या चाकावर ओणवे केले गेले. ही सायकल चढावर हरणासारखी चाले आणि झाडांमधून सुईदोऱ्यासारखी जाई. परंतु तोच स्वार उताराच्या माथ्यावर आला की त्याचे डोके पुढच्या आसाच्याही पुढे असे; एखाद्या दगडाने चाक क्षणभर अडविले तर तो हँडलावरून पलीकडे जाई, आणि वेग वाढला की तेच चपळ हँडल हातात थरथरू लागे. त्या काळच्या स्वारांचे कसब अद्भुत होते यात शंका नाही, किंबहुना सायकलीत जे उणे होते ते त्यांनी अंगच्या कौशल्याने भरून काढले.

पहिला दिलासा मिळाला तो मापांतून नव्हे, शॉक ॲब्सॉर्बरमधून. मोटारसायकलींच्या क्षेत्रात काम केलेल्या पॉल टर्नर याने हवा आणि तेल यांच्या दाबावर चालणारा, सुमारे दोन इंच दबणारा चिमटा ‘रॉकशॉक्स’ या नावाने १९८९-९० मध्ये बाजारात आणला. १९९० साली कोलोरॅडोतील दुरँगो येथे पहिले अधिकृत जागतिक अजिंक्यपद भरले, तेथे उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने याच चिमट्याच्या साह्याने जिंकली, आणि ज्यांनी या नव्या अवयवाकडे वजनाचे ओझे म्हणून पाहिले होते त्यांनीही आपले मत बदलले. मागच्या चाकाला असाच आधार देणे अधिक कठीण होते, कारण पायडल मारताना साखळीच्या ओढीने मागचा भाग डोलतो आणि स्वाराचे बळ व्यर्थ जाते. हॉर्स्ट लाइटनर या मूळच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने मागच्या आसाच्या किंचित पुढे, खालच्या नळीवर, एक सांधा बसवून या अडचणीवर उपाय काढला. पुढील अनेक रचना त्याच सांध्याभोवती फिरत राहिल्या. स्वाराला यातून लाभ झाला तो केवळ सुखाचा नव्हे. ताठ सायकलीचे चाक दगडावर उडते, आणि उडालेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते. दबणारे चाक जमिनीला चिकटून राहते, म्हणून त्याचा टायर सतत पकड धरून असतो. आराम हे त्याचे फलित, पण पकड हे त्याचे मर्म होय.

चाकाच्या आकाराचा वाद यानंतरचा. सव्वीस इंची चाक डोंगरावर आले ते श्विनच्या जुन्या टायरमुळे; त्यामागे कोणताही विचार नव्हता, उपलब्धता होती. १९९९ साली डब्ल्यूटीबी कंपनीने रस्त्यावरील सायकलींच्याच मोठ्या रिमवर बसणारा रुंद, खाचांचा टायर काढला आणि ‘एकोणतीस इंची’ सायकलींचा मार्ग मोकळा झाला; गॅरी फिशरने तिचा पुरस्कार हिरिरीने केला. जुन्या रिमचा टायर बसण्याचा व्यास ५५९ मिलिमीटर, नव्याचा ६२२. फरक अडीच इंचांचा, पण स्वाराला तो पहिल्याच दगडाशी कळतो. मोठे चाक दगडाला अधिक सपाट कोनातून भिडते, म्हणून खड्ड्यात कमी उतरते आणि आलेली गती राखते. लहान चाक चटकन वेग घेते, चटकन वळते, पण प्रत्येक दगडाशी त्याला हुज्जत घालावी लागते. दोहोंच्या मधले ५८४ मिलिमीटरचे चाक घेऊन निनो शुर्टरने २०१२ साली दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारिट्झबर्ग येथील जागतिक चषक शर्यत जिंकली, आणि पाहता पाहता सव्वीस इंची चाक नव्या सायकलींवरून जवळजवळ अस्तंगत झाले.

आणि मग, जणू एक दीर्घ प्रदक्षिणा पूर्ण व्हावी तशी, मापे पुन्हा मूळपदावर आली. फिशरने नव्वदीच्या दशकाच्या अखेरीसच फ्रेम पुढे लांबवून हँडलाचा तुकडा आखूड करण्याचा उपक्रम केला होता. स्पेनमधील मोंद्राकर कंपनीने २०१२च्या सुमारास तोच विचार निर्भयपणे टोकास नेला. फ्रेम लांब झाली, हँडलाचा तुकडा बोटाएवढा उरला आणि चिमटा वर्षानुवर्षे मागे रेलत गेला. आजच्या डोंगरवाटेच्या सायकलीत त्याचा कल बहुधा चौसष्ट ते सहासष्ट अंश असतो, म्हणजे १९३३ नंतरच्या त्या मुलांच्या सायकलीपेक्षाही अधिक रेललेला. त्यातून येणारा चढावरचा दोष बसण्याची जागा पुढे सरकवून दूर केला गेला: स्वार पायडलांच्या अधिक थेट वर येतो, त्याचा भार पुढच्या चाकावर पुरेसा राहतो आणि चाक भरकटत नाही. उताराशी लागताच बोटाच्या कळीने सीट खाली जाते आणि शरीर मागे-पुढे हलविण्यास मोकळीक मिळते. ऐंशीच्या दशकात चढाने उतारावर जो विजय मिळविला होता, त्याचा निवाडा असा दोघांच्याही हिताने लागला.

या बखरीतील एक अप्रिय प्रकरणही सांगितले पाहिजे. ज्या टॅमलपायसच्या परिसरात हे वाहन जन्मले तेथेच पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांच्या तक्रारी वाढत गेल्या. जमिनीवर अंमल असलेल्या पाणीपुरवठा मंडळाने अरुंद पायवाटांवर सायकलींना मनाई केली आणि वणवारस्त्यांवर ताशी पंधरा मैलांची मर्यादा घातली. रिपॅकची शर्यतही १९८४ नंतर थांबली. या निर्बंधांमागे केवळ द्वेष होता असे मला म्हणवत नाही. आंधळ्या वळणावर वृद्ध पादचाऱ्याच्या अंगावर येणारी सायकल ही खरी भीती आहे, आणि वाट सर्वांची असते. सायकल जितकी स्थिर झाली, जितकी वेगात निर्धास्त झाली, तितके तिच्या स्वाराचे कर्तव्यही वाढले, हा धडा त्या डोंगराने आपल्याच लेकरांना दिला.

उतार, चढ, चिखल आणि दगड या चार गुरूंनी ही सायकल घडविली. कोणती सायकल श्रेष्ठ, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. परंतु जमिनीचे नाव घेतल्याशिवाय त्याला उत्तर नाही. रेललेला चिमटा ज्याला कड्यावर अभय देतो त्याला सपाट, नागमोडी वाटेवर तो आळशी वाटेल. उभा चिमटा ज्याला झाडांमधून खेळवितो त्याला तो धारेवर घाबरवील. आणि मोठे चाक, लांब फ्रेम, दबणारा आधार यांपैकी प्रत्येक गुणाची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी गुणातून चुकती करावी लागते. म्हणून सायकल निवडावयास जाणाऱ्या वाचकाला माझे एवढेच सांगणे आहे, की दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी आपण ज्या वाटेवरून जाणार ती वाट एकदा पायी चालून पाहावी. तिचे दगड, तिची वळणे आणि तिच्यावरून येणारीजाणारी माणसे नीट ओळखावी, आणि मगच सायकलीला हात लावावा.